तोंडी सूचना चालणार नाही

४ मार्च, सोमवार

ती. बाबांना,

शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आणि आई मावशीकडे गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि आपल्या घराला घर म्हणायची सोय उरलेली नाही. फरशी उखडली, ओटा गेला, जुन्या वायरी भिंतींतून लोंबतायत. मी लहान खोलीत सामानाच्या ढिगाऱ्यात सतरंजी टाकून राहते. सकाळी शिवणाच्या कटिंगच्या वर्गावर जाते तेव्हा मुली माझ्या केसांतली सिमेंटची भुकटी बघून गालातल्या गालात हसतात. हसू देत.

घराच्या कामाचं बोलणं कागदावरच करायचं, हा तुमचा नियम पाळतेय. तसंही फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं ऐकायचं नसतं.

तर मुद्दा एसीचा. शनिवारी एसीवाला येऊन मापं घेऊन गेला. आतलं युनिट मोठ्या खोलीत, तुमच्या पलंगासमोर. बाहेरचं युनिट मागच्या बाल्कनीत, कारण दर्शनी बाजूला सोसायटी लावू देत नाही. मध्ये येतो तो बोळ आणि मोठ्या खोलीच्या टोकाला आडवा गेलेला जाडजूड बीम. एसीवाला म्हणतो, छताला लागून बीममधून तीन इंचांचं आरपार भोक पाडू, तांब्याची नळी, वायर आणि पाण्याचा पाइप त्यातून जाईल. वरून खोटं छत आलं की काही दिसणार नाही. भोक पाडायचं मशीन २१ तारखेला, गुरुवारी येतंय. त्याआधी बीमला टेकून उभं असलेलं तुमचं छतापर्यंतचं कपाट हलवावं लागेल. चार माणसं सांगितली आहेत.

आधी तो म्हणत होता की एसी लहान खोलीत लावा, तिची भिंत थेट मागच्या बाल्कनीला लागून आहे, नळी जेमतेम दीड फूट लागेल. मला हसू आलं. त्याला सांगितलं की आमचे आईबाप त्या भट्टीत एक रात्र झोपलेले नाहीत. हवेशीर मोठी खोली त्यांची आणि घामाघूम व्हायला आम्ही तीन भावंडं. त्या खोलीची मी आता अडगळ करणार आहे. सूड म्हणा हवं तर.

गेल्या मे महिन्यातले दवाखान्यातले अकरा दिवस मी विसरलेले नाही. आईचं हृदय अर्ध्याच ताकदीनं चालतंय, आणखी एक उन्हाळा तिला गार खोलीशिवाय काढू देऊ नका, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. एप्रिलअखेरीस मावशीकडे तिची सून मुलांना घेऊन राहायला येणार, तेव्हा तुम्हाला परतावंच लागेल. त्याआधी एसी चालू हवा. नकाशा सोबत जोडलाय. सही करून पाठवा.

लोभ असावा, आणि या खेपेला तो हट्टापेक्षा इंचभर तरी मोठा असावा.

तुमची
फुटपट्टी

*

८ मार्च, शुक्रवार

चि. फुटपट्टीस,

अ. उ. आ.

पत्र आणि नकाशा पोचला. रेघा सरळ आहेत, मापं अचूक आहेत. साइटवर माझी पट्टी काखेत मारून हिंडायचीस, ते अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं.

मात्र नकाशावर सही करत नाही. मोठ्या खोलीत एसी नको. तुझ्या आईचे गुडघे गार हवेनं आखडतात, हे तुला माहीत आहे. शिवाय नळी एवढी लांब नेली की पाण्याच्या पाइपाला उतार मिळत नाही, मग पाणी आतच ठिबकतं आणि भिंत फुगते. मी उभा जन्म ओल शोधण्यात घालवलाय. एसीवाल्यांना थंडीतलं कळतं, भिंतीतलं कळत नाही. लहान खोलीत बसवायचा तर बसव, नाहीतर दोन चांगले पंखे आणि खिडकीला वाळ्याचे पडदे पुरतील.

कपाट हलवायचं नाही. ते मी स्वतः जागेवर बांधून घेतलंय, हललं की खिळखिळं होईल. वरच्या कप्प्याला कुलूप आहे, त्याची किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील.

इकडे बरं आहे. मावशी रोज संध्याकाळी आईला अंगणात दहा फेऱ्या मारायला लावते आणि मोजताना स्वतःच चुकते.

तुझी माया आहे तशी राहू दे. भोक मात्र पाडू नकोस.

तुझा
बाबा

(यांनी पाकीट चिकटवायला दिलं म्हणून लिहून घेते. माझे गुडघे ठणठणीत आहेत. गार हवा मला चालते. यांचं मनावर घेऊ नकोस, पण भांडूही नकोस. — आई)

*

१२ मार्च, मंगळवार

ती. बाबांना,

शि. सा. न. वि. वि.

आईचे गुडघे ठणठणीत असल्याचं आईकडूनच कळलं. पाण्याच्या उताराचं एसीवाल्याला विचारलं. बाल्कनीकडे नऊ इंच उतार मिळतोय आणि त्याला पाच पुरतात. पंखे आणि पडदे गेल्या मे महिन्यातही होते, बाबा. त्यांच्याखालूनच आईला उचलून नेलं होतं.

लहान खोलीही मोजली. दोन पलंग टाकले की भिंतीलगतच्या कपाटापर्यंत एकोणीस इंच उरतात. आईचा वॉकर सत्तावीस इंचांचा आहे. म्हणजे तिनं आडवं चालायला शिकायचं का?

रविवारी तुम्ही फोन केलात आणि काम थांबव, थांबव, थांबव असं तीनदा ओरडलात. मी का म्हणून विचारलं तर म्हणालात की ऐकू येत नाही. मग मी फोन ठेवला. चुकले असेन, पण माझाही पारा चढला होता. तोंडी सूचना म्हणजे सूचनाच नाही, हे लहानपणापासून आमच्या डोक्यावर कुणी थापलं? सहलीला जायचं तरी आम्ही अर्ज लिहायचो आणि तुम्ही त्यावर कारण विचारून परत पाठवायचात. आता मी तेच करतेय. काम थांबवायचं तर कारण लिहून कळवा.

मशीनवाला सांगून गेलाय की २१ तारीख चुकली तर पुढची मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. उन्हाळ्यात सगळ्यांनाच एसी सुचतो. तुमच्या लहरीपायी मी आईला पुन्हा त्या दवाखान्यात बघणार नाही. लिहिलं ते खोडत नाही.

वरच्या मजल्यावर छापखानेवाल्यांची शाई राहते आहे अजून. काल जिन्यात भेटली. दोन मुलं झालीत तिला. मी हसले, तिनं मान फिरवली. तुम्ही तिच्या बाबांशी कागदाच्या गठ्ठ्यांवरून भांडलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. माझी एकुलती एक जिवलग मैत्रीण त्या भांडणात गेली, हे तुमच्या कधी ध्यानात आलं का, कोण जाणे.

लोभ आहेच. रागाखाली दबलाय, तेवढा उकरून घ्यावा.

तुमची
फुटपट्टी

*

१५ मार्च, शुक्रवार

चि. फुटपट्टीस,

अ. उ. आ.

लेखी सूचना मागितलीस म्हणून देतो. बीमला हात लावू नये. कपाट हलवू नये. काम थांबवावे. कारण समक्ष भेटीत सांगेन.

आईची तब्येत स्थिर आहे. दोन दिवस उकडतंय इकडेही.

तुझा
बाबा

*

१७ मार्च, रविवार

ती. बाबांना,

शि. सा. न. वि. वि.

समक्ष भेटीत म्हणजे तोंडी. तुमचं पत्र काल दुपारी आलं आणि सकाळीच कपाट हललं होतं. चार माणसांची सहा माणसं झाली तेव्हा कुठे ते सरकलं. तुम्ही बांधून घेतलेलं म्हटल्यावर आणखी काय होणार!

खिळखिळं झालं नाही. पण वरच्या कप्प्याची मागची फळी निघून आली, आणि ती निसटलेली नाही, तिला मुळात बिजागऱ्याच होत्या. फळीमागे बीमची बाजू उघडी आहे. तिथे केसाएवढी बारीक चीर वरून खाली गेलीय, आणि चिरेवर बोटाएवढी काचेची पट्टी प्लास्टरच्या दोन गोळ्यांनी आडवी चिकटवलीय. शेजारी पेन्सिलीनं तारखा. तुमचंच अक्षर. मी शिडीवर चढून बत्तीस मोजल्या. दर वर्षाची एक, आणि प्रत्येक वर्षी तारीख तीच, माझ्या वाढदिवसाची. बारा नंबरच्या तारखेपुढे लिहिलंय, 'तुटली. नवी लावली.'

दर वाढदिवसाला तुम्ही स्टुलावर चढायचात, बॅटरी घेऊन वरच्या कप्प्यात डोकं घालायचात आणि बऱ्याच वेळानं माझी भेटवस्तू काढून द्यायचात. भावांना त्यांच्या भेटी टेबलावर मिळायच्या. कप्प्यातून यायची ती फक्त माझी. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! तुम्ही तिथे काय बघत होतात, बाबा?

एसीवाल्यानं भोकाची खूण केलीय ती या चिरेपासून हातभर अंतरावर आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, जुन्या घरात अशा चिरा असायच्याच, प्लास्टरची असेल. मशीन गुरुवारीच येणार. मला आता भीती वाटायला लागलीय आणि कशाची ते कळत नाही, म्हणून जास्तच वाटतेय. बुधवार संध्याकाळपर्यंत कारण हातात पडलं नाही, तर मी त्याला अडवू कुठल्या तोंडानं? आणि अडवलं तर आईला मे महिन्यात ठेवू कुठे?

लोभ राहू द्या. पण आधी खरं ते लिहा.

तुमची
फुटपट्टी

*

१९ मार्च, मंगळवार

चि. फुटपट्टीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय. कुठली बस ते फोनवर सांगेन, बाकी काही सांगणार नाही.

ती इमारत उभी राहत होती तेव्हा साइटवरचा सुपरवायझर मी होतो, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. बीम एका दमात ओतायचा असतो. अर्ध्यावर थांबला आणि काँक्रीट सुकलं, तर दुसऱ्या दिवशीचं त्याला नीट धरत नाही. सांधा राहतो. तो बीम सकाळी ओतायला घेतला. दुपारी दोनला निरोप आला की तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय. मी मुकादमावर काम सोपवून धावलो. संध्याकाळी तू झालीस. इकडे चारच्या सुमाराला मिक्सर बंद पडला होता आणि बीम अर्धा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर आलो तर कालच्या सुकलेल्या काँक्रीटवर ताजं काँक्रीट ओतणं चालू होतं. सांधा छिन्नीनं टोचून खरबरीत केला नव्हता, धुतला नव्हता. थांबवून, फोडून, पुन्हा करायला हवं होतं. रजिस्टर माझ्या काखेत होतं, पेन खिशात होतं. 'काम थांबवावे' एवढे दोन शब्द लिहिले असते तर ठेकेदाराला थांबावंच लागलं असतं. मी तोंडानं म्हटलं की हे बरोबर नाही. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, मुलगी झाल्याबद्दल अभिनंदन केलं आणि चालतंय हो, ओतू द्या, असं म्हणाला. मी रात्रभर जागा होतो. खुशीत होतो. त्या दिवशी मला कुणाशी भांडायचं नव्हतं. मी हसलो आणि पुढे गेलो. ओळ लिहायची राहिली. राहिली कसली, मी लिहिली नाही.

साच्याच्या फळ्या काढल्यावर चीर दिसली. आठवड्यात गिलावा झाला. बोलायला गेलो असतो तर नोकरी गेली असती, हे खरं आहे. आणि ते कारण म्हणून सांगायला मला लाज वाटते, हेही खरं आहे.

म्हणून तोच फ्लॅट घेतला. तू दीड वर्षांची होतीस. कोपऱ्यावरचा दुसरा, जास्त उजेडाचा, त्याच भावात मिळत होता आणि तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चीर डोळ्यांसमोर ठेवायची, एवढंच मला सुचलं. काचेचं असं असतं की चीर सुताएवढी जरी हलली तरी पट्टी तडकते. बाराव्या वर्षी तडकली. तेव्हा वरचे छापखानेवाले नेमके त्या जागेवर कागदाचे गठ्ठे छतापर्यंत रचत होते. मी वर गेलो आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून भांडलो. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून खोट्या कारणासाठी दुप्पट आवाज चढवला. सोसायटीत अर्ज केला, गठ्ठे हलवायला लावले. नवी पट्टी लावली ती आजतागायत शाबूत आहे. तुझी मैत्रीण गेली हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तू जेवत नव्हतीस.

बीम इतकी वर्षं उभा आहे. पण सांध्यापासून हातभर अंतरावर तीन इंच आरपार कापलं, आणि त्यात एखादी सळई तुटली, तर काय होईल ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून लेखी देतो. काम थांबव. या वेळी कारणासकट.

यापुढे लोभ ठेवावा असं मला मागता येत नाही.

तुझा
बाबा

*

२२ मार्च, शुक्रवार

ती. बाबांना,

शि. सा. न.

बुधवारी दहाच्या बसवर गेले. स्टँडवरच्या बाकावर बसून पत्र वाचलं आणि तिथूनच मशीनवाल्याला नको म्हणून सांगितलं. तो चिडला. मे महिन्यातसुद्धा तारीख देणार नाही, असं म्हणाला.

दुपारी स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना घेऊन आले. तुमच्याच वयाच्या आहेत. त्यांनी हातोडीनं टकटक करत सगळा बीम ऐकला, मग काचपट्टी पाहिली, तारखा एकेक करून वाचल्या. नंतर म्हणाल्या, सळया चांगल्या पडल्यात आणि वर भार कमी राहिला म्हणून तगलाय. पण तुम्ही खूण केली तिथे भोक पडलं असतं, तर मी स्वतः या खोलीत उभी राहिले नसते. संध्याकाळपर्यंत त्यांनी चार लोखंडी टेकू लावून घेतले. पोलादी पट्ट्या बसवून दुरुस्ती होईल. तीन आठवडे लागतील.

आता मला राग आलाय तो लिहिते. नोकरी, ठेकेदार, मुलगी झाल्याची खुशी, हे सगळं मला कळतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस होतात तुम्ही. त्या दिवशीचं मी माफ करीन, करीनसुद्धा. पण पुढच्या बत्तीस वर्षांचं काय? बीमखाली आपण झोपलो की फिटलं, असं तुम्ही मनाशी ठरवून टाकलंत. बाबा, त्या बीमवर माणसं राहतात. शाईची दोन मुलं बरोब्बर त्याच जागेवर गाद्या घालून झोपतात. त्यांना कुणी विचारलं होतं?

आणि बुधवारी तुमचं पत्र पोचायला बसला उशीर झाला असता तर? गुरुवारी मशीनपाशी मीच उभी राहणार होते. तुम्ही मला काय सांगितलं होतंत, तर आईचे गुडघे दुखतात!

मी वर जाऊन शाईला सांगितलं. तुमचं पत्र दाखवलं नाही, तोंडीच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिचे बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, खालच्या माणसाला आपलं बरं चाललेलं बघवत नाही. तेवढं बोलून ती मुलांच्या गाद्या उचलायला लागली. मीही उचलू लागले. तिनं नको म्हटलं नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

सोसायटीला तुम्ही सांगायचं आहे. मी सांगणार नाही. आणि तोंडी चालणार नाही.

आईला नमस्कार.

फुटपट्टी

*

२५ मार्च, सोमवार

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

मला तुमच्यासारखं मुद्देसूद लिहिता येत नाही, तरी लिहिते. हे गेले दोन दिवस जेवले नाहीत. तुझं पत्र खिशात घालून अंगणात फेऱ्या मारतात. आता मावशी माझ्याऐवजी यांच्या फेऱ्या मोजते.

मला माहीत होतं. सगळं नाही, पण काच तडकली त्या वर्षी यांनी सांगितलं. त्यानंतर दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला हे वर चढायचे तेव्हा खाली स्टूल मी धरून उभी असायची. तू तुझ्या भेटीची वाट बघत माझ्या मागे घोटाळायचीस. हे वरून म्हणायचे, आहे. म्हणजे पट्टी आहे. तुला वाटायचं भेट आहे. मला हायसं वाटायचं आणि मग घरात दिवस सुरू व्हायचा.

तुम्हा तिघांना भट्टीत झोपवलं आणि स्वतः हवेत झोपले, असं तू कायम बोलतेस. हे ऐकून घ्यायचे आणि मीही ऐकून घेतलं. मलाही आधी राग यायचा. लेकरं घामानं भिजतात आणि हा माणूस त्यांना मोठ्या खोलीत अंथरूण टाकू देत नाही. तू तापानं फणफणली होतीस तेव्हासुद्धा यांनी तुला इकडे आणू दिलं नाही, रात्रभर तिकडे बसून वारा घातला. काच तडकल्यावर कळलं. लहान खोलीवर तो बीम नाही, एवढंच.

हे त्यांची बाजू म्हणून लिहीत नाहीये. तू शाईच्या मुलांचं विचारलंस, ते खरंच आहे. आपली मुलं आम्ही बाजूला ठेवली. दुसऱ्यांच्या मुलांसाठी एक चिठ्ठी लिहायची होती, ती यांनी लिहिली नाही आणि मीही लिहा म्हटलं नाही. तुझ्या रागातला अर्धा वाटा माझ्या नावानं ठेव.

यांनी सोसायटीसाठी कागद लिहिलाय. चार वेळा लिहिला, तीन फाडले. शनिवारी स्वतः घेऊन येतायत. त्यांना कानानं ऐकू येणार नाही, तर जे विचारायचं ते लोकांना कागदावर विचारायला सांग. माझी काळजी करू नकोस. मावशीनं ओला पंचा आणि माठातलं पाणी हाताशी ठेवलंय. पण उन्हाळा वाढतोय खरा, ते लपवत नाही.

तुझ्यावर माझा लोभ जन्माच्या दिवसापासून आहे. त्या दिवसाला आणखी काय काय चिकटलं, त्यात तुझा काही दोष नाही.

तुझी
आई

*

१२ एप्रिल, शुक्रवार

ती. आई आणि ती. बाबांना,

शि. सा. न. वि. वि.

आई, त्या शनिवारच्या बैठकीचं बाबांनी तुला काय सांगितलं असेल ते मी ओळखते. झाली, एवढंच म्हणाले असतील. म्हणून लिहिते.

गच्चीवर सगळे जमले होते. बाबांनी कागद वाचला, एक शब्द न गाळता. तारीख, वेळ, मिक्सर, ठेकेदार काय म्हणाला आणि आपण काय लिहिलं नाही ते. नोकरीचं कारण त्यात लिहिलंच नव्हतं. नंतर लोक ओरडायला लागले. बाबा म्हणाले की मला ऐकू येत नाही, कृपया लिहून द्या, प्रत्येकाला उत्तर देईन. आणि गंमत म्हणजे लिहायचं म्हटल्यावर निम्म्या लोकांचा आवाज खाली आला. एकवीस चिठ्ठ्या आल्या. काही कडू होत्या. एकानं पोलिसात देण्याचं लिहिलं, त्यावर बाबांनी तो आपला हक्क आहे असं उत्तर लिहिलं. त्या गृहस्थांचं काय ठरतंय ते अजून कळलेलं नाही.

शाईची चिठ्ठी सगळ्यात शेवटी आली. तिनं लिहिलं होतं की माझ्या बाबांचे कागद जड होते, माणूस वाईट नव्हता, हे तुम्ही ते जिवंत असताना सांगायला हवं होतंत. बाबांनी ती उभ्यानंच वाचली. खाली लिहिलं, 'होय.' सही केली, तारीख घातली आणि दोन्ही हातांनी तिला परत दिली. तिनं चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. आणि तडक जिना उतरून गेली.

पण परवा ती खाली आली. मी लहान खोलीत पट्टी घेऊन बसले होते. भिंतीलगतचं कपाट काढून टाकलं, तर आईच्या वॉकरला पस्तीस इंच मिळतात हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. दिसलं नव्हतं कसलं, मी बघायचंच नाही म्हणून बसले होते. ती खोली तुम्हाला द्यायची नाही, हे माझ्या मनात मापं घेण्याआधीच ठरलं होतं. शाईनं पट्टीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून पुन्हा मोजलं. जाताना म्हणाली की मुलं सध्या वरच्या लहान खोलीत झोपतात आणि आम्ही तिघं भावंडं या भट्टीत वीस वर्षं कशी राहिलो, ते तिला आता कळतंय. मी म्हटलं, मलाही आत्ताच कळलंय.

दुरुस्तीच्या पोलादी पट्ट्या सोमवारी पूर्ण बसतील. इंजिनिअर बाई त्यावर नवी काचपट्टी लावणार आहेत. तिच्यावर कपाट येणार नाही. ज्याला बघायची त्यानं येऊन बघावी. जुनी मी काढून ठेवली आहे, तारखांसकट गिलाव्याचा तुकडाही. टाकून देववत नाही आणि भिंतीला लावायची हिंमत नाही. बघू.

एसी काल बसला. लहान खोलीत. बीमला हात लावायचा नव्हता, त्यामुळे मशीनवाल्याची गरजच पडली नाही. एसीवाल्यानं बाल्कनीकडच्या विटांच्या भिंतीत छोट्या ड्रिलनं भोक पाडलं. वीस मिनिटं लागली. नळी दीड फूट. तो पहिल्याच दिवशी हेच सांगत होता, हे त्यानं मला चारदा ऐकवलं आणि मी चारही वेळा ऐकून घेतलं. काल दुपारी बाहेर रस्ता तापला होता आणि आत सव्वीस. मी जमिनीवर आडवी पडले, बरोबर माझ्या लहानपणच्या जागेवर, आणि भरपूर रडले.

बाबा, माझा राग संपलेला नाही. तो थोडा थोडा करून संपेल, घाई करू नका. पण २० तारखेला आईला घेऊन या. दोन पलंग टाकलेत, खिडकीकडचा आईचा. त्या खोलीवर बीम नाही. आता तुम्ही दोघांनी तिथे झोपायचं.

तोंडी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकू आलं नाही म्हणाला असतात, म्हणून लेखी देते. खाली सही आहे.

फुटपट्टी
१२ एप्रिल